स्फॅग्नम बीजाणूसाठा

स्फॅग्नम बीजाणूसाठा म्हणजे पीटभूमीच्या थरांत गाडल्या गेलेल्या, परंतु अंकुरण्याची क्षमता शाबूत असलेल्या स्फॅग्नम मॉसच्या बीजाणूंचा संचय होय. हे बीजाणू अंधारात, थंड, आम्लधर्मी आणि ऑक्सिजनविरहित पीटमध्ये दीर्घकाळ सुप्तावस्थेत राहतात. प्रकाश, ओलावा व पोषकद्रव्ये मिळाल्यास त्यांपैकी काहींपासून नवे मॉस वाढू शकते. हे बीजाणू किती वर्षे जिवंत राहतात, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. इ.स. २००० मध्ये स्वीडनमधील प्रयोगांवरून ही मुदत काही दशके, कदाचित शतके असावी असा अंदाज बांधण्यात आला होता. २०१७ मध्ये ईशान्य चीनमधील पीटच्या अभ्यासातून प्रत्यक्ष शतकांपूर्वीच्या थरांतील बीजाणू अंकुरल्याचे प्रसिद्ध झाले.

या प्रश्नाला वनस्पतिशास्त्रीय कुतूहलापलीकडे महत्त्व आहे. पृथ्वीच्या भूपृष्ठापैकी केवळ ३ ते ४ टक्के क्षेत्र पीटभूमीने व्यापलेले असले, तरी जगातील मृदेत साठलेल्या कार्बनपैकी सुमारे एक तृतीयांश कार्बन तिच्यात आहे. उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांत हा साठा घडविण्यात स्फॅग्नमचा वाटा मोठा आहे. पाणी काढून टाकलेली किंवा खणून नेलेली पीटभूमी स्वतःच्या मातीतून पुन्हा उगवू शकेल की तिथे मॉस बाहेरून आणून पसरावे लागेल, याचे उत्तर काही अंशी या साठ्याच्या आयुष्यावर अवलंबून आहे.

संज्ञा

मराठीत ‘शेवाळ’ हा शब्द व्यवहारात पाण्यावरील हिरव्या शैवलालाही वापरतात आणि पावसाळ्यात भिंतींवर उगवणाऱ्या मऊ हिरव्या थरालाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे दोन वेगळे गट आहेत. मॉस ही ब्रायोफायटा विभागातील, म्हणजे उभयचर वनस्पतींतील वनस्पती आहे. तिला खरी मुळे नसतात, फुले येत नाहीत आणि बियाही धरत नाहीत. तिचा प्रसार बीजाणूंमार्फत किंवा शरीराच्या तुटलेल्या तुकड्यांपासून होतो. मराठीतील जुन्या कोशवाङ्मयात बीजाणूसाठी ‘बीजुक’ व मॉससाठी ‘हरिता’ हे शब्द आढळतात. शालेय पाठ्यपुस्तकांत ‘बीजाणू’ व ‘मॉस’ हे शब्द रूढ झाल्याने या लेखातही तेच वापरले आहेत.

पीट म्हणजे पाण्याने सतत भिजलेल्या जागी वनस्पतींचे अवशेष अर्धवट कुजून साचलेला तपकिरी थर. बागकामासाठी विकले जाणारे ‘कोकोपीट’ हे पीट नव्हे. नारळाच्या सोडणाचा तो भुसा असून नावापलीकडे त्याचा पीटभूमीशी संबंध नाही.

बीजाणूंची निर्मिती आणि प्रसार

स्फॅग्नम या प्रजातीत काही शे जाती आहेत. प्रत्यक्ष दिसणारी हिरवी, लालसर किंवा पिवळट वनस्पती ही तिच्या जीवनचक्रातील युग्मकधारी पिढी असते. फलनानंतर तिच्या टोकाशी लहान देठावर गोलसर, गडद तपकिरी रंगाचे बीजाणुसंपुट तयार होते. त्याचा व्यास साधारण दीड-दोन मिलिमीटर असतो. जातीनुसार एका संपुटात सुमारे २०,००० ते २,४०,००० बीजाणू असतात. एका बीजाणूचा व्यास बहुधा २० ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असतो.

उन्हाळ्यातील कोरड्या दिवशी संपुट वाळते, आक्रसून लांबट होते आणि त्याचे झाकण फुटून बीजाणू वर फेकले जातात. आत कोंडलेल्या हवेच्या दाबाने संपुट हवेच्या बंदुकीसारखे उडते, असे स्पष्टीकरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देण्यात आले. २००९ मध्ये काही संशोधकांनी त्यावर आक्षेप घेऊन संपुटाच्या भिंतीच्या आक्रसण्याला अधिक महत्त्व दिले. २०१० मध्ये अतिवेगवान चित्रीकरणातून आणखी एक गोष्ट दिसून आली. उडालेल्या बीजाणूंबरोबर हवेचे भोवऱ्यासारखे कडे तयार होते आणि त्यामुळे हे सूक्ष्म कण दहा सेंटिमीटरहून अधिक उंच जातात. एवढा सूक्ष्म कण नुसता फेकला, तर हवेच्या विरोधामुळे तो काही मिलिमीटरांतच थांबेल. दहा सेंटिमीटरांवर मात्र त्याला वाऱ्याचा झोत सापडतो.

बाल्टिक समुद्रात हिमयुगानंतर भूपृष्ठ हळूहळू वर येत असल्याने नवनवी बेटे तयार होत आहेत. त्या बेटांवर स्फॅग्नमच्या जाती कशा पोहोचल्या, याचा स्वीडिश संशोधकांनी अभ्यास केला आहे. वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडणाऱ्या बीजाणूंमुळे ही मॉस दूरच्या बेटांवरही वसते. सर्व बीजाणू मात्र दूर जात नाहीत. पुष्कळसे मूळ वनस्पतीच्या आसपास, त्याच दलदलीवर पडतात आणि पीटमध्ये गाडला जाणारा साठा मुख्यतः त्यांचाच असतो.

पीटमध्ये गाडले जाणे

स्फॅग्नम वरच्या टोकाने वाढत राहते आणि खालच्या बाजूने मरत जाते. तिच्या पृष्ठभागावर पडलेला बीजाणू तिथेच राहिला, तर एखाद-दोन हंगामांतच नव्या वाढीखाली झाकला जातो. पुढे त्यावर थर चढत जातात. घट्ट झालेल्या पीटची जाडी वर्षाला सरासरी एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी वाढते. म्हणजे एक मीटर खोलीवरचा पीट साधारण हजार वर्षे किंवा अधिक जुना असू शकतो.

पीटभूमीच्या उभ्या छेदात दोन पट्टे ओळखले जातात. वरचा सैल पट्टा पाण्याची पातळी वर-खाली होईल तसा कधी ओला, कधी हवेशीर असतो. त्याला अॅक्रोटेल्म म्हणतात. त्याखालचा कायम पाण्यात बुडालेला, ऑक्सिजनविरहित पट्टा म्हणजे कॅटोटेल्म. बीजाणूच्या दृष्टीने पहिला पट्टा धोक्याचा असतो. तेथे ऑक्सिजन, बुरशी, सूक्ष्म प्राणी आणि तापमानाचे चढउतार असे सगळेच असते. बहुतेक बीजाणू याच पट्ट्यात मरतात. कॅटोटेल्मपर्यंत जिवंत पोहोचलेल्यांना मात्र दीर्घ आयुष्याची संधी मिळते. वरच्या पट्ट्यातून खाली जाण्यास बहुधा काही दशके लागत असल्याने हा पहिला टप्पा पार करणे हीच खरी चाळणी ठरते.

जीवनक्षमता टिकण्याची कारणे

एखादा बीजाणू साठ्यात राहण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात. तो मरता कामा नये आणि तो अंकुरताही कामा नये. दुसरी अट सहसा विसरली जाते. जो बीजाणू गाडलेल्या अवस्थेतच अंकुरतो, त्याला वर येण्याइतकी शिदोरी नसते. बी आणि बीजाणू यांत हा मूलभूत फरक आहे. बीमध्ये गर्भ व अन्नसाठा असतो आणि ती मातीच्या थरातून कोंब वर ढकलू शकते. स्फॅग्नमचा बीजाणू ही एकच पेशी असते.

स्फॅग्नमच्या बीजाणूंना अंकुरणासाठी प्रकाश लागतो, त्यामुळे अंधारात ते थांबून राहतात. पृष्ठभागावरही त्यांचे अंकुरण सोपे नाही. पावसाच्या पाण्यावर जगणाऱ्या दलदलीत फॉस्फरसचा तीव्र तुटवडा असतो आणि मॉसचा जिवंत गालिचा उपलब्ध पोषकद्रव्ये आधीच शोषून घेतो. सेबास्टियन सुंडबर्ग आणि होकान रिडिन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून फॉस्फरस मिळाल्यास बीजाणूंपासून मॉस उगवण्याची शक्यता लक्षणीय वाढते. म्हणजे कोट्यवधी बीजाणू निर्माण करणारी वनस्पती ते अशा जागी टाकत असते, जिथे बहुतेकांना अंकुरताच येत नाही. वरवर ही उधळपट्टी वाटते. परंतु न अंकुरलेल्या बीजाणूंमुळेच साठा तयार होतो.

मरण टाळण्यास बीजाणूची रचना आणि पीटचे रसायन या दोन्हींची मदत होते. बीजाणूच्या बाह्य भिंतीत स्पोरोपोलेनिन हा सजीवांनी बनविलेल्या सर्वाधिक टिकाऊ पदार्थांपैकी एक असतो. आतला अन्नसाठा मुख्यतः स्निग्ध पदार्थांचा असतो. स्फॅग्नम आपल्या पेशीभित्तिकांवर धन आयन पकडून त्याबदली हायड्रोजन आयन सोडते आणि भोवतालचे पाणी आम्लधर्मी करते. पावसाच्या पाण्यावरील दलदलींत पीएच सामान्यतः ३ ते ४.५ च्या दरम्यान असतो. आम्लता, थंडी, ऑक्सिजनचा अभाव आणि मॉसमधील फिनॉलयुक्त पदार्थ यांमुळे कुजविणारे सूक्ष्मजीव मंदावतात. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट खणताना सापडलेला ‘टोलुंड मानव’ हा ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या सुमाराचा देह चेहऱ्यावरील दाढीच्या खुंटांसह टिकला, तो याच परिस्थितीमुळे. फरक एवढाच की देहाचे केवळ टिकणे पुरेसे असते, बीजाणूला मात्र जिवंत राहावे लागते.

ऑक्सिजनच्या अभावाचे महत्त्व प्रयोगांतूनही पुढे आले आहे. ऑक्सिजन मिळत असेल तर सुप्त पेशीतही मंद श्वसन चालू राहते, अन्नसाठा संपत जातो आणि पेशीपटलांची झीज होते. ऑक्सिजन नसताना या क्रिया आणखी मंदावतात.

संशोधनाचा इतिहास

पीटमधील स्फॅग्नमचे बीजाणू परागशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून परिचित आहेत. प्राचीन हवामान व वनस्पतिसृष्टी यांचा अंदाज बांधण्यासाठी ते पीटच्या थरांतील पराग व बीजाणू मोजतात. त्यासाठी नमुन्यावर तीव्र आम्लांची प्रक्रिया केली जाते. तीत केवळ टिकाऊ बाह्य भिंती उरतात. त्यामुळे हजारो वर्षांपूर्वीच्या थरांतील बीजाणूंचे हजारो आकडे उपलब्ध असूनही, त्यांपैकी किती जिवंत होते याची त्या आकड्यांतून काहीच माहिती मिळत नाही. रिकामे कवच आणि जिवंत पेशी यांत या पद्धतीला भेद करता येत नाही.

गाडलेल्या स्फॅग्नमच्या पुनरुज्जीवनाचा महत्त्वाचा पुरावा १९८६ मध्ये आर. एस. क्लायमो आणि जे. जी. डकेट या ब्रिटिश संशोधकांनी दिला. त्यांनी पीटच्या गाभ्याचे पातळ काप करून प्रकाशात ठेवले. सुमारे ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या कापांतून नवे कोंब फुटले. या थरांचे अंदाजे वय २५ ते ६० वर्षे होते. हे कोंब मृत दिसणाऱ्या तपकिरी खोडांच्या तुकड्यांपासून आलेले होते, बीजाणूंपासून नव्हे. तरीही ‘तपकिरी म्हणजे मृत’ हा समज त्यामुळे मोडला.

बीजाणूंवरचे निर्णायक प्रयोग सुंडबर्ग आणि रिडिन यांनी स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात केले आणि २००० मध्ये प्रसिद्ध केले. शीतकपाटात १३ वर्षे ठेवलेल्या बीजाणूंचा लक्षणीय हिस्सा अजूनही अंकुरत होता. याखेरीज बीजाणू प्रत्यक्ष दलदलीत वेगवेगळ्या परिस्थितींत पुरून काही वर्षांनी बाहेर काढण्यात आले. ओल्या परंतु ऑक्सिजन असलेल्या परिस्थितीत त्यांच्या जीवनक्षमतेचे अर्धायुष्य सुमारे १ ते २० वर्षे निघाले. यावरून स्फॅग्नमचा साठा दीर्घकालीन स्वरूपाचा असून काही बीजाणू अनेक दशके, कदाचित शतकेही टिकू शकतील, असा निष्कर्ष काढला गेला. प्रयोगाची मुदत मात्र काही वर्षांचीच होती. ‘शतके’ हा भाग गणिताने पुढे वाढविलेला होता, पाहिलेला नव्हता.

ती उणीव झाओ-जुन बू, सुंडबर्ग व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘न्यू फायटोलॉजिस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या कामाने पुष्कळ अंशी भरून काढली. येथे बीजाणू पुरून वाट पाहण्याऐवजी निसर्गाने आधीच पुरलेले बीजाणू शोधण्यात आले. ईशान्य चीनमधील पीटभूमीतून गाभे काढून त्यांच्या थरांचे वय ठरविण्यात आले आणि त्या थरांतून वेगळ्या केलेल्या बीजाणूंचे अंकुरण तपासण्यात आले. कित्येक शतकांपूर्वी साचलेल्या थरांतील बीजाणूही अंकुरले. बायबलमधील दीर्घायुषी मेथुसेलाचे नाव या लेखाच्या शीर्षकात योजलेले आहे. याच गटाशी संबंधित पुढील संशोधनात ऑक्सिजनची कमतरता आणि वनस्पतींतून पाझरणारी रसायने यांचा बीजाणूंच्या टिकण्यावर होणारा परिणाम तपासण्यात आला.

अर्धायुष्याचे गणित

अर्धायुष्य म्हणजे जिवंत बीजाणूंची संख्या निम्मी होण्यास लागणारा काळ. एका चौरस मीटरवर १ कोटी जिवंत बीजाणू पडले असे उदाहरणादाखल धरू. एका संपुटात लाखभर बीजाणू असतील, तर शंभर संपुटांतून ही संख्या सहज गाठली जाते. अर्धायुष्य १ वर्ष असेल तर १० वर्षांनी सुमारे १०,०००, २० वर्षांनी जेमतेम दहा आणि २४ वर्षांनंतर सरासरीने एकही बीजाणू उरणार नाही. अर्धायुष्य २० वर्षे असेल तर १०० वर्षांनी सुमारे ३ लाख, २०० वर्षांनी सुमारे १०,००० आणि ३०० वर्षांनीही सुमारे ३०० बीजाणू जिवंत असतील. ४८० वर्षांच्या सुमारास हा साठा संपेल.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. बीजाणूंची सुरुवातीची संख्या प्रचंड असली तरी तिचा परिणाम मर्यादित असतो. संख्या दुप्पट केली तर साठ्याचे आयुष्य केवळ एका अर्धायुष्याने वाढते, खरा फरक पडतो तो अर्धायुष्याने. दुसरे असे की, अर्धायुष्य आयुष्यभर स्थिर असते हे गृहीतकच येथे बहुधा चुकीचे आहे. अॅक्रोटेल्ममध्ये ते कमी आणि कॅटोटेल्ममध्ये पुष्कळ अधिक असावे. त्यामुळे वरच्या थरातील मापनांवरून खोल थराचा अंदाज बांधल्यास तो कमीच निघतो.

पुराव्यांतील अडचणी

शतकांपूर्वीच्या थरातून एखादा जीव उगवला, असे कोणी सांगितल्यास पहिला प्रश्न नमुन्याच्या शुद्धतेचा असतो. पीट कापताना यंत्राच्या पात्याबरोबर वरचे बीजाणू खाली ओढले जाऊ शकतात. उन्हाळ्यात दलदलीवरील हवेतच बीजाणू तरंगत असतात. एखादा ताजा बीजाणू खोलच्या नमुन्यात पडला, तर तोच सर्वांत जोमाने अंकुरेल. म्हणून अशा कामात गाभ्याचा बाहेरचा भाग टाकून फक्त आतला भाग घ्यावा लागतो आणि बीजाणू न घातलेले तुलनात्मक नमुनेही सोबत ठेवावे लागतात.

याहून अवघड प्रश्न पाण्याने होणाऱ्या स्थलांतराचा आहे. क्लायमो आणि मॅके यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की, पीटच्या वरच्या, पाण्याने पूर्ण न भरलेल्या थरात पराग व बीजाणू वर आणि खाली दोन्ही दिशांना सरकू शकतात. तेव्हा थराचे वय हेच बीजाणूचे वय, असे थेट म्हणता येत नाही. घट्ट झालेल्या खोल पीटमध्ये असे सरकणे कमी होते. त्यामुळे एखाद-दोन दशकांची चूक संभवते, पण काही शतकांची चूक सहसा होणार नाही, असा या बाजूने युक्तिवाद करता येतो. वरच्या ३० सेंटिमीटरांतील निष्कर्षांबाबत मात्र हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो.

बीजाणूचेच वय का मोजू नये, हा प्रश्न साहजिक आहे. ३० मायक्रोमीटर व्यासाच्या बीजाणूचे वजन साधारण १४ नॅनोग्रॅम भरते. किरणोत्सर्गी कार्बनच्या मापनासाठी एकाच थरातील हजारो बीजाणू एकत्र करावे लागतील आणि मापनात ते जळून जातील. ज्याचे वय मोजले तो उगवणार नाही आणि जो उगवला त्याचे वय मोजता येणार नाही. म्हणून वय नेहमी भोवतालच्या पीटचेच मोजले जाते. गेल्या सुमारे दीडशे वर्षांतील थरांसाठी शिसे-२१० हे समस्थानिक आणि त्याहून जुन्या थरांसाठी कार्बन-१४ वापरले जाते. विसाव्या शतकाच्या मध्यातील अण्वस्त्रचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण एकदम वाढले होते. ती खूणही अलीकडच्या थरांच्या कालनिश्चितीसाठी उपयोगी पडते.

इतर वनस्पतींशी तुलना

अमेरिकेतील मिशिगन राज्यात विल्यम बील यांनी १८७९ मध्ये २१ जातींच्या बिया बाटल्यांत भरून जमिनीत पुरल्या. २०२१ मध्ये, म्हणजे १४२ वर्षांनी काढलेल्या बाटलीतील काही बियाही रुजल्या. ईशान्य चीनमधील लिआओनिंग प्रांतातील जुन्या तळ्याच्या गाळात सापडलेली कमळाची सुमारे १,३०० वर्षांपूर्वीची बी रुजली आहे. इस्राएलमधील मसादा येथे सापडलेले खजुराचे सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे बी २००५ मध्ये रुजविण्यात आले. कमळ आणि खजूर यांची बी मोठी, कठीण कवचाची व भरपूर अन्नसाठ्याची असते. स्फॅग्नमचा एकपेशीय बीजाणू त्यांच्या तुलनेत नगण्य आकाराचा आहे. तरीही तो शतकांच्या हिशेबात बसतो, यामागे त्याच्या स्वतःच्या बळाइतकाच पीटचा वाटा आहे.

मॉसच्या बाबतीत याहून मोठे आकडे वाचनात येतात, पण ते बीजाणूंचे नाहीत. कॅनडातील एल्समीर बेटावर टिअरड्रॉप हिमनदी मागे सरकल्यावर उघड्या पडलेल्या, सुमारे ४०० वर्षे बर्फाखाली दबलेल्या मॉसच्या तुकड्यांपासून कॅथरिन ला फार्ज व सहकाऱ्यांनी नवी वाढ मिळविली. हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अंटार्क्टिकजवळील सिग्नी बेटावरील गोठलेल्या मॉसच्या ढिगात सुमारे ११० सेंटिमीटर खोलीवरून काढलेल्या कोरिसोडोन्टियम या मॉसमधून १,५०० वर्षांहून अधिक काळानंतर कोंब फुटल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. या दोन्ही घटनांत वनस्पतीचे शरीरच पुन्हा वाढले आणि ते गोठलेले होते. स्फॅग्नमचे बीजाणू न गोठलेल्या, ओल्या पीटमध्ये टिकतात, जिथे रासायनिक क्रिया पूर्ण थांबत नाहीत. लोकप्रिय लेखनात हे तिन्ही प्रकार एकत्र मिसळले जातात. ते वेगळे ठेवणे आवश्यक आहे.

परिस्थितिकीय महत्त्व

पीटभूमी हे वरकरणी अतिशय स्थिर अधिवास वाटतात. सामान्यतः दीर्घायुषी बीजसाठे वारंवार विस्कळीत होणाऱ्या जागी, उदाहरणार्थ शेतातील तणांत किंवा नदीकाठच्या गाळात आढळतात. स्थिर अधिवासातील वनस्पतीला असा साठा कशासाठी लागावा, हे कोडे आहे. त्याचे एक उत्तर काळाच्या मापात आहे. माणसाच्या आयुष्यात न बदललेली दलदल हजार वर्षांत वणवे, दुष्काळ, पूर आणि पाण्याच्या पातळीतील बदल पाहते. वणव्यात वरचा थर जळून जुना पीट उघडा पडतो, राखेतून फॉस्फरस मिळतो आणि जिवंत मॉसची स्पर्धा नसते. मोठ्या जनावरांच्या खुरांनी तुडवलेल्या किंवा झाड उन्मळून उघड्या पडलेल्या जागीही लहान प्रमाणावर हेच घडते.

अंकुरलेल्या बीजाणूपासून प्रथम पातळ, पानासारखा एक थर तयार होतो आणि त्यावर कळी येऊन खरे मॉस वाढते. ही अवस्था नाजूक असते आणि थोड्या कोरडेपणानेही ती मरते. म्हणून बीजाणू उघडा पडणे आणि पृष्ठभाग ओला राहणे हे दोन्ही एकाच वेळी घडावे लागते.

साठ्याचा दुसरा परिणाम आनुवंशिक आहे. शतकांपूर्वीच्या वनस्पतींचे बीजाणू आजच्या समूहात पुन्हा मिसळले, तर मधल्या काळात लुप्त झालेले जनुकीय प्रकार परत येऊ शकतात. त्यामुळे स्थानिक समूहाची विविधता एकदम घटत नाही. संशोधकांच्या दृष्टीने वेगवेगळ्या शतकांतील वनस्पती एकाच वाफ्यात शेजारी शेजारी वाढवून हवामानबदलाला त्या कशा प्रतिसाद देतात हे तपासण्याची शक्यताही यातून निर्माण होते.

पीटभूमीची हानी आणि पुनरुज्जीवन

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या आढाव्यानुसार जगातील सुमारे १२ टक्के पीटभूमींची हानी झालेली आहे आणि त्यांतून होणारे उत्सर्जन मानवनिर्मित हरितगृह वायूंच्या सुमारे ४ टक्के आहे. शेती, वनीकरण, इंधन आणि बागकामाचे माध्यम ही हानीची प्रमुख कारणे आहेत. आयर्लंडमध्ये विजेसाठी अनेक दशके पीट जाळणाऱ्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने पीटउत्पादन कायमचे बंद करत असल्याचे २०२१ च्या जानेवारीत जाहीर केले.

पाणी काढलेल्या दलदलीत साठ्याचा नाश दोन प्रकारे होतो. चर खणल्यावर पाण्याची पातळी उतरते, ऑक्सिजन खोलवर पोहोचतो आणि आजवर सुरक्षित असलेल्या बीजाणूंचे आयुष्य झपाट्याने घटते. यंत्राने पीट काढला गेला असेल तर सर्वाधिक जिवंत बीजाणू असलेले वरचे थर प्रथम नाहीसे होतात. उघडा पडणारा पीट बहुधा हजारो वर्षांपूर्वीचा असतो आणि तेथे जिवंत बीजाणूंची अपेक्षा करता येत नाही. असे पृष्ठभाग कोरडे पडतात, हिवाळ्यात गोठून फुगतात व वाऱ्याने उडतात. काम बंद झाल्यावर कित्येक वर्षे अशा जमिनीवर मॉस परतत नाही, याचे हे एक कारण आहे.

म्हणूनच प्रत्यक्ष पुनरुज्जीवनात बीजाणूसाठ्यावर विसंबून राहिले जात नाही. कॅनडातील क्वेबेकमध्ये लिन रोशफोर व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत चर बुजवून पाणी अडविले जाते. जवळच्या निरोगी दलदलीतून मॉसचा वरचा काही सेंटिमीटरांचा थर काढून तो सुमारे दहापट क्षेत्रावर पसरतात. त्यावर गवताचा पेंढा आच्छादतात आणि आवश्यक तेथे थोडे फॉस्फरसयुक्त खत देतात. फॉस्फरसची ही मात्रा मॉसच्या तुकड्यांना आधार देणाऱ्या अन्य वनस्पतींसाठीही असते. ज्या ठिकाणी पीट काढलेला नाही, केवळ चर खणून वृक्षलागवड केलेली आहे आणि वरचे थर शाबूत आहेत, तेथे स्थानिक साठ्यातून उगवण होण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी पीटचे काप प्रकाशात ठेवून काय उगवते ते पाहणे ही स्वस्त आणि उपयुक्त चाचणी ठरते.

भारतातील संदर्भ

भारतात स्फॅग्नमच्या जाती मुख्यतः पूर्व हिमालय व ईशान्येकडील थंड, पावसाळी प्रदेशांत आढळतात. दक्षिणेत निलगिरीच्या उंच पठारावरील दऱ्यांमध्ये पीटचे साठे आहेत आणि त्यांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून सुमारे २०,००० वर्षांच्या मान्सूनचा इतिहास मांडणारे संशोधन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. हा पीट मुख्यतः गवते व लव्हाळ्यांच्या अवशेषांचा असल्याने युरोप किंवा ईशान्य चीनमधील स्फॅग्नमविषयीचे निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

महाराष्ट्र व गोव्यात स्फॅग्नमचा परिचय होतो तो रोपवाटिकांतून. ऑर्किड बांधण्यासाठी विकले जाणारे वाळवलेले ‘स्फॅग्नम मॉस’ बहुधा आयात केलेले असून न्यूझीलंड व चिली हे त्याचे प्रमुख निर्यातदार देश आहेत. ते आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते. याच गुणामुळे पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधण्यासाठी ब्रिटनमध्ये ते मोठ्या प्रमाणावर गोळा केले गेले होते. कुंडीत ओले राहिलेल्या अशा मॉसमधून कधी कधी हिरवे कोंब फुटतात. ते स्फॅग्नमचेच असतील असे मात्र नाही, कारण कुंडीत रुजणारे मॉस आसपासच्या भिंतींवरून आलेले असण्याची शक्यताही तितकीच असते.